वय वर्षे ९

“मॅडम, ह्याच वयात होतं ते. नंतर कोण विचारतं?”

गाणारं, नाचणारं, रीलमध्ये चमकलेलं मूल घेऊन आईबाप माझ्यासमोर बसले की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. मी जळगावात समुपदेशनाचं काम करते. पूर्वी मुलं यायची ती दहावीच्या धास्तीनं, मोबाइलच्या नादानं, नाहीतर घरातल्या भांडणांमुळे. आता ‘व्ह्यूज कमी झाले म्हणून जेवत नाही’ अशीही येतात. संधी आहे तोवर मुलाला पळवायचं, की शाळा सांभाळायची, असं आईबाप विचारतात. मला याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून एका घरात काय झालं तेच सांगते. त्यांना विचारून सांगते आहे आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मुलाला इथं बारक्या म्हणते. खान्देशात दर तिसऱ्या घरात एक बारक्या असतोच.

२०२४ चा जुलै. पेरण्या आटोपलेल्या, दोन दिवसांची झड लागलेली. अमळनेर तालुक्यातून हे कुटुंब आलं. पुढे वडील, मागे आई, आणि दाराशी गळ्याला मफलर गुंडाळलेला तेरा वर्षांचा मुलगा. नीट बसायच्या आतच वडिलांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. अंबानींच्या घरच्या लग्नाचे दिवस होते आणि संगीताच्या रात्री बनियनवर गाणाऱ्या जस्टिन बीबरची रील घरोघरच्या फोनमध्ये फिरत होती.

“हा पाहा. यूट्यूबवरनंच वर आला, आपल्या पोऱ्यासारखा. आणि आमचा हा, दीड महिना झाला तोंडच उघडत नाही.”

मी मुलाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

झालं होतं असं. नऊ वर्षांचा असताना बारक्यानं शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक अहिराणी गाणं म्हटलं. गुरुजींनी ते मोबाइलवर घेतलं, गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवसांत ते सुरतेतल्या गाववाल्यांपर्यंत पोचलं. मग एका चॅनलवाल्यानं स्टुडिओत नेऊन गाणं करून घेतलं, हातावर पाच हजार ठेवले आणि कागदावर वडिलांची सही घेतली. गाणं लाखोंनी पाहिलं गेलं. त्या लाखोंतला एक रुपया घरी आला नाही, आल्या त्या सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांची बोलावणी. हळदीची रात्र, गणपती, नवरात्र, कुणाचा वाढदिवस, कुणा पुढाऱ्याचा सत्कार. एका सुपारीचे आठ हजार, दाट तिथीला पंधरा. लगीनसराईत एका रात्रीत दोन-दोन गावं व्हायची.

वडिलांची तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. २०२२ मध्ये कापसानं क्विंटलला दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला आणि पुढच्या हंगामांत तो सातच्या आसपास आला, हे आमच्याकडे पोरांनाही पाठ आहे. वडील जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, हंगामी कामाला जायचे, ते सोडलं. शेत हिश्शानं दिलं. हप्त्यावर इको गाडी घेतली, दोन टॉप म्हणजे मोठे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतला, कीबोर्डवाला आणि ढोलकीवाला रोजावर ठेवला. फ्लेक्सचा मोठा बॅनर केला: ‘खान्देशचं छोटं तुफान, वय वर्षे ९’. त्यांनी फोनमध्ये तोही दाखवला. चार वर्षं तोच बॅनर, त्यावरचा फोटोही तोच, पुढचे दोन दात पडलेला.

“आता तेरा वर्षांचा ना हो हा?” मी विचारलं.

“हो. पण लोकांना नऊचाच पाहिजे असतो,” वडील म्हणाले. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. कदाचित मालाची प्रतवारी सांगावी तसं ते होतं.

एप्रिलमधल्या एका हळदीत वरच्या सुरावर बारक्याचा आवाज चिरकला. एकदा, मग दुसऱ्यांदा. कुणीतरी तेवढंच कापून त्याला हसण्याचा आवाज जोडला आणि रील केली. ती त्याच्या गाण्यापेक्षा वेगानं पसरली, वर्गातही पोचली. मे महिनाभर तो कुजबुजत बोलला. जूनमध्ये शाळा उघडली आणि तो बाहेरच्यांशी बोलायचा बंदच झाला. घरी सहा वर्षांच्या बहिणीशी मात्र बोलायचा, तेही पांघरुणात. म्हणजे आवाज गेला नव्हता, तो द्यायला तयार नव्हता. तोवर दोरा बांधून झाला होता, उतारा टाकून झाला होता, ज्येष्ठमध आणि खडीसाखर तर चालूच.

समुपदेशकाचं पहिलं काम कधी कधी पाठवणी करण्याचं असतं. मी त्यांना आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुर्बिणीनं पाहिलं. स्वरयंत्राच्या पडद्यांना थोडी सूज होती, गाठी नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: मुलगा वयात येताना स्वरयंत्र वाढतं, पडदे लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकानं खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनी, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. साधारण बारा ते पंधराच्या मधे हे घडतं आणि काही महिने आवाज कुठल्या पायरीवर पाय देईल ते त्यालाही माहीत नसतं. या दिवसांत गाऊच नये असं नाही. पण डीजेच्या वर चढून, रात्री एक वाजता, जुन्या पट्टीत ओरडून गायलं तर पडद्यांवर गाठी येऊ शकतात. कुजबुजून बोलणंही बंद करा, असं डॉक्टर म्हणाले, त्यानंही पडद्यांवर ताण येतो. मफलर काढायला सांगितला. हे सगळं ऐकून घरच्यांना हायसं वाटायला हवं होतं. आईला वाटलंही. वडिलांनी मला एकटीला गाठून विचारलं, “मॅडम, हे थांबवायचं काही इंजेक्शन असतं का? दोन वर्षं तरी?”

मी रागावले नाही, पण गप्पही बसले नाही. इटलीत दोन-तीनशे वर्षं मुलांचा कोवळा आवाज टिकवायला काय करत ते सांगितलं. आपल्याकडे गोऱ्ह्याला खच्ची करून बैल करतात, तेच. त्यातला शेवटचा नावाजलेला गायक, अलेस्सांद्रो मोरेस्की, १९२२ मध्ये वारला आणि त्याच्या आवाजाच्या जुन्या तबकड्याही आहेत. वडिलांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते, हे मी तेव्हाच नोंदवून ठेवलं. त्यांना हप्ता होता.

पुढच्या भेटीत मात्र माझी चूक झाली, आणि ती चांगलीच अंगाशी आली. वडील दर वाक्याला बीबर आणत होते, तर म्हटलं बीबरच सांगू. म्हणून मी आदल्या रात्री बसून त्याचं आयुष्य जुळवलं आणि तिघांसमोर सांगितलं. १९९४ चा जन्म, कॅनडातलं स्ट्रॅटफर्ड नावाचं छोटं गाव, एकटी आई, आजी-आजोबांचा आधार. २००७ मध्ये गावातल्या गाण्याच्या स्पर्धेत उतरला. लांबच्या नातेवाइकांना दिसावं म्हणून आईनं त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. एका व्यवस्थापकाच्या नजरेला ते योगायोगानं पडले आणि दोन-तीन वर्षांत पोरगा जगभर झाला. १९ व्या-२० व्या वर्षी गाडी भरधाव पळवताना अटक, नशा. २०१७ मध्ये तो नवी मुंबईत येऊन गायला आणि दोनच महिन्यांनी जगभराचा उरलेला दौरा त्यानं रद्द केला. २०१९ मध्ये स्वतःच लिहिलं की लहान वयात सगळं माझ्यासाठी दुसरेच करत होते, जबाबदारी म्हणजे काय ते मी शिकलोच नाही, सकाळी अंथरुणातून उठणंही जड जायचं. २०२२ मध्ये एका आजारानं अर्धा चेहरा लुळा पडला, कार्यक्रम थांबले. मग २०२३ च्या सुरुवातीला त्यानं आपल्या गाण्यांचे हक्क विकले, बातम्यांप्रमाणे सुमारे २० कोटी डॉलरना.

वडील पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. “वीस कोटी डॉलर म्हणजे आपले किती हो मॅडम?”

मी मोबाइलवर गुणाकार केला. सोळाशे कोटींच्या वर.

ते मुलाकडे पाहायला लागले. माझ्या लक्षात आलं, की मी पाऊण तास भीती घालत होते आणि त्यांनी शेवटचा आकडा तेवढा उचलला. त्यांचीही चूक नाही. कर्जदाराला गोष्टीचं सार आकड्यातच दिसतं. असल्या गोष्टी, ‘तो मोठा झाला पण बघा किती बिघडला’, या आईबापांवर चालत नाहीत. ते मनात म्हणतात, आमचा नाही बिघडणार. वर्षानुवर्षं हे काम करूनही मला ते त्या दिवशी कळलं.

पण त्या गोष्टीतलं एक वाक्य दुसऱ्यानं उचललं होतं. मी ओघात सांगून गेले होते, की २०१० मध्ये ज्या गाण्यानं तो जगाला माहीत झाला, त्याच सुमारास त्याचा आवाज फुटला, आणि सोळाव्या वर्षी त्यानं मुलाखतीत सांगितलं होतं की त्या गाण्यातले काही सूर आता मला लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात बारक्या एकटा आत आला. बोलायचं नसेल तर लिही, म्हणून मी त्याला वही दिलेली होती. त्यात एकच ओळ होती: ‘मग त्यानं काय केलं?’

“पट्टी उतरवली,” मी म्हटलं. “स्टेजवर तेच गाणं खालच्या पट्टीत गायला लागला. आवाजाची शिक्षिका होती त्याची, तिच्याकडे शिकत राहिला.”

त्यानं लिहिलं: ‘लोक हसले नाहीत?’

“हसले असतील काही.”

बराच वेळ पेन फिरवत बसला. मग लिहिलं: ‘माझी पट्टी काळी पाच. कीबोर्डवाले काका म्हणतात उतरवली तर पब्लिक उठून जाईल.’

काळी पाच म्हणजे पेटीवरची उंच पट्टी. एवढं लिहिणं म्हणजे त्याच्या हिशेबानं भाषणच होतं. सोळाशे कोटींत त्याला रस नव्हता. जगात आणखी एका पोराचा आवाज सगळ्यांसमोर फुटला होता आणि तो पोरगा त्यातून बाहेर आला होता, एवढंच त्याला हवं होतं. माझ्या संस्थेत एक निवृत्त संगीत शिक्षक अधूनमधून येतात. त्यांना मी पेटी घेऊन बोलावलं. त्यांनी बारक्याला गायला सांगितलंच नाही. स्वतः एकेक सूर धरला आणि म्हणाले, नुसता हुंकार दे. मध्ये कुठेतरी त्याचा सूर टेकला. तिथून वर तीन, खाली एक. त्यापुढे आवाज घसरत होता.

“पाच सूर आहेत सध्या,” सर म्हणाले. “पुष्कळ झाले. भूप पाचाच सुरांत होतो.”

बारक्या हसला. आवाज करून हसला, आणि आपणच दचकला.

आईशी माझं बोलणं व्हायचं ते व्हरांड्यात. आत त्या बोलत नसत. एकदा म्हणाल्या, “ताई, श्रावणात कानबाई बसली आमच्याकडे. रात्री सासूबाई आणि बाया गाणी म्हणत होत्या. हा त्यांच्यात जाऊन बसला, खालमानेनं. मी पाहिलं, ओठ हालत होते त्याचे.” कानबाई ही खान्देशात घरोघर बसवतात ती देवी. तिची ती गाणी म्हाताऱ्या बायकांच्या सोयीची असतात, खालच्या पट्टीतली, चार-पाच सुरांत फिरणारी. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी शूट करत नाही. झोप येईल तो झोपतो. त्या रात्री त्याचा आवाज आजीच्या आवाजाखाली लपून बाहेर आला. मी समुपदेशनाचे महागडे अभ्यासक्रम केले आहेत. त्यांत कानबाई नव्हती.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. “मला कधी वाटतं, आवाज गेला ते बरं झालं. चार वर्षांत हा एकदाही माझ्यासोबत कुठल्या लग्नात जेवला नाही. पण हे मी ह्यांच्यासमोर कसं म्हणू? किराणा त्याच्याच पैशाचा येतो.”

गाठ इथं होती. अशा प्रत्येक घरात मी आता हेच शोधते: उद्या मूल म्हणालं, मला नको, तर घरातलं काय काय बंद पडेल? काहीच बंद पडणार नसेल तर मूल शो करो, रील करो, फार काळजीचं नाही. त्याला नको म्हणता येतं. पण हप्ता थांबणार असेल, दोन वाजंत्र्यांचा रोज बुडणार असेल, बापाला पुन्हा जिनिंगवर जावं लागणार असेल, तर ते मूल नको म्हणू शकत नाही. मग त्याच्या वतीनं शरीर नको म्हणतं. कुणाला स्टेजवर जायच्या आधी उलट्या होतात, कुणाचं पोट दुखतं, ह्यानं बोलणं सोडलं. आईनंही नको म्हणायचं सोडलं होतं, बापानंही. घरात नको हा शब्दच परवडत नव्हता.

मी वडिलांना महिन्याचा हिशेब कागदावर मांडायला लावला. डावीकडे येणं, उजवीकडे देणं. त्यांनी मुकाट्यानं लिहिलं. येण्याच्या बाजूला बारक्याच्या सुपाऱ्यांखेरीज दोनच ओळी होत्या आणि त्या वर्षातून एकदाच्या. मी विचारलं, यातलं बारक्याच्या नावावर किती आहे? ते म्हणाले, “सगळं त्याचंच तर आहे.” मी म्हटलं, पासबुक? पासबुक नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते तेव्हा सांगितलं. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. शाळा बुडायला नको. मुलाची मर्जी नसेल तर करून घ्यायचं नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि मिळकतीतला किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत, तो अठरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या हाती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात असा कायदा १९३९ मध्येच झाला. जॅकी कूगन नावाच्या बालनटानं मोठा झाल्यावर आपले पैसे मागितले आणि आईनं व सावत्र वडिलांनी ते उडवल्याचं कळलं, त्यावरून. हळदीच्या मांडवात हे नियम कोण तपासतो, असं वडिलांनी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तपासत कुणीच नाही. मलाही ठाऊक आहे.

ते वेगळ्याच बाजूनं आले. “मॅडम, लताबाई आपल्या थाळनेरची नात. तेराव्या वर्षी घर उचललं त्यांनी. त्यांना कुणी समुपदेशन केलं?”

हा मुद्दा सोपा नाही, आणि त्यांनी तो मनापासून मांडला होता. लताबाईंच्या आईचं माहेर तापीकाठचं थाळनेर, हे आमच्याकडे अभिमानानं सांगतात. मी म्हटलं, भाऊ, १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले, घरात पाठची चार भावंडं, म्हणून त्यांना उभं राहावं लागलं. सिनेमात कामं करावी लागली, ती त्यांना आवडायची नाहीत, हेही त्यांनी पुढे सांगितलंय. त्यांचे वडील गेले होते. बारक्याचे तर इथं बसले आहेत.

ते काहीच बोलले नाहीत. चहा आला होता, तो निवून गेला. शेवटी बायकोकडे पाहून अहिराणीत म्हणाले, “मन्हं चुकनं.” आणि लगेच मला, “पण गाडीचा हप्ता तर आहेच ना.”

म्हणून ठरलं ते असं मधलंअधलं. इको प्रवासी वाहतुकीला लावायची. टॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्याला भाड्यानं द्यायचा. मार्चपर्यंत एकही सुपारी नाही. मुलाच्या नावे खातं काढायचं. कुमार गंधर्वांचं उदाहरणही मी दिलं होतं. तेही लहानपणी गावोगाव मैफली गाजवत होते, मग अकराव्या-बाराव्या वर्षी मुंबईत आपले गुरू बी. आर. देवधरांकडे राहून नव्यानं शिकले. वडिलांना गंधर्व पटले नाहीत, पण ‘थांबणं म्हणजे संपणं नाही’ एवढं त्यांनी धरलं. निदान मला तसं वाटलं.

नोव्हेंबरात तुळशीची लग्नं लागली आणि आठच दिवसांत त्यांनी एक सुपारी घेतली. मला सांगितलं नाही. जुन्या ओळखीतलं घर होतं, नाही म्हणवेना, असं नंतर म्हणाले. आवाजाला ताण नको हे मात्र त्यांनी लक्षात ठेवलं होतं! म्हणून पेन ड्राइव्हवर बारक्याचीच जुनी गाणी घेतली. नऊ-दहा वर्षांच्या बारक्याचा आवाज टॉपमधून, आणि खाली तेरा संपत आलेला, ओठांवर लव फुटलेला बारक्या माइकपुढे तोंड हालवतोय. हे मला बारक्यानंच सांगितलं, तेव्हा तो बोलायला लागला होता, जाड, मध्येच अडकणाऱ्या आवाजात.

“तिसऱ्या गाण्याला लाइट गेली,” तो म्हणाला. “जनरेटर सुरू होईपर्यंत सगळं गप. सगळे माझ्याकडे बघत होते.”

“मग?”

“मी माइक ठेवला आणि उतरलो. पंगत बसली होती तिकडं गेलो. वरण-बट्टी होती, गरम. वाढपी म्हणाला, तू गाणारा ना? मी म्हटलं, नाही.”

“आणि अप्पा?”

“ते आले. मला वाटलं मारतील. पण शेजारी बसले. त्यांनीपण खाल्लं.” थोडं थांबून तो म्हणाला, “बट्टीवर तूप कमी होतं.”

त्या सुपारीचे पैसे वडिलांनी परत केले, त्यावरून नवराबायकोचं भांडण झालं, आणि विशेष म्हणजे पैसे ठेवून घ्यायला हवे होते असं आईचं म्हणणं होतं. माणसं अशी असतात. मी यात पडले नाही.

त्यानंतर सरळसोट काही झालं नाही. डिसेंबरात इको दोनदा बंद पडली. वडील पुन्हा जिनिंगवर गेले आणि पहिले पंधरा दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. कीबोर्डवाल्यानं दुसऱ्या गावातला आठ वर्षांचा मुलगा धरला. ते ऐकून बारक्या दोन दिवस जेवला नाही. मी विचारलं, वाईट वाटलं का? “त्याचीपण पट्टी काळी पाचच ठेवली काकांनी,” एवढंच म्हणाला. त्याला हेवा वाटला की दुसऱ्याच पोराची दया आली, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. त्याला विचारलंही नाही.

सरांकडे तो दर रविवारी बसनं यायचा. सूर पाचाचे सात झाले, मग दहा. त्यांनी त्याला ढोलकीही धरायला दिली, कारण त्यांच्या मते गळ्याला वेळ लागतो तेव्हा हात रिकामे ठेवू नयेत. आठवीची परीक्षा त्यानं दिली. गणितात काठावर. खात्यात चार हजार दोनशे रुपये होते, वडिलांनी जिनिंगच्या पगारातून टाकलेले. तो गायक होईल का, मला माहीत नाही. मोठेपणी त्याचा आवाज कसा निघेल तेही कुणी सांगू शकत नाही. सरही नाही.

२०२५ च्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, ते शेवटचे आले. मी फाइल बंद करत होते. बारक्याला काही विचारायचंय का म्हटलं, तर म्हणाला, तो बॅनर आता कापसावर टाकलाय, पावसासाठी. फ्लेक्स चांगला जाड आहे, वडिलांनी पुस्ती जोडली. गेल्या वर्षीचा थोडा कापूस भाव येईल म्हणून घरातच पडला होता, त्यावर.

सगळे उठले. चपला घालता घालता वडील उंबऱ्यात थांबले, मागे वळले आणि आवाज थोडा खाली घेऊन म्हणाले, “मॅडम, धाकटी आता सात वर्षांची झाली. तीपण गाते बरं का. चांगली गाते.”

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मी काही बोलणार होते.

“अप्पा,” मागून बारक्या म्हणाला. नव्या, घोगऱ्या आवाजात, आणि मुळीच न चिरकता.

“नाही रे, सहज म्हटलं,” वडील म्हणाले. “चल, साडेपाचची बस आहे.”